एका पेनीचे जेवण आणि अनवाणी पाय

आमचे आरोंदा गाव महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी वसलेले आहे. समोरच्या तीरावर किरणपाणी दिसते. तो पेडणे तालुका, म्हणजे गोवा. १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत ही नदी दोन राजवटींची सीमा होती. अलीकडचा माणूस दिल्लीकडे पाहत असे आणि पलीकडच्या माणसाचे कागदपत्र लिस्बनला जात. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर होती, आणि मासळी, माड व भातशेती यांना कुठली राजवट माहीत असणार?

खेळांच्या बाबतीत मात्र नदीने आपला भेद राखला. ढोबळ मानाने पाहिले तर अलीकडे कबड्डी व क्रिकेट आणि पलीकडे फुटबॉल. परंतु सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यातील आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत फुटबॉल पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन राहिला. कुणाची आत्या बारदेशात दिलेली, कुणाचा मामा मुंबईला बोटीवर. त्यांच्याबरोबर हा खेळही आला. भातकापणी झाली, कुणगे मोकळे झाले, की दोन टोकांना दोन-दोन काठ्या रोवायच्या आणि पायांत काही न घालता अंधार पडेपर्यंत खेळायचे, हे चित्र दोन्ही तीरांवरील जुन्या माणसांना सारखेच आठवेल.

हा खेळ आपल्याकडे कुणी आणला, असे विचारले तर बहुतेक लोक पोर्तुगीजांचे नाव घेतात. ते खरे नाही. गोव्याच्या फुटबॉलचा आरंभ एका धर्मगुरूकडे जातो, आणि तो धर्मगुरू पोर्तुगीज नव्हता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश हद्दीतून १८८३ साली बारदेशातील शिवोली गावी आले. प्रकृतीला आराम पडावा म्हणून ते आले होते, असे सांगतात. त्यांनी तेथील मुलांना चेंडू दिला आणि खेळाचे नियम शिकविले. पुढे १८८७ साली जवळच्या हडफडे येथे त्यांनी संत जोसेफ विद्यालय स्थापन केले. पोर्तुगीज अमलातील गोव्यात इंग्रजी शिकविणाऱ्या आरंभीच्या शाळांत या शाळेची गणना होते. इंग्रजी कशासाठी? तर पोट भरण्यासाठी. गोव्यात काम नव्हते. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, इंग्रजांच्या आगबोटी येथे ते होते, आणि तेथे पोर्तुगीज भाषेचा उपयोग नव्हता. फादर लायन्स यांच्या शाळेतून बाहेर पडलेला मुलगा इंग्रजी आणि फुटबॉल अशा दोन विद्या बरोबर घेऊन परगावी जात असे. पहिलीने नोकरी मिळे, दुसरीने परक्या शहरात चार सोबती मिळत.

आरोंद्याहून निघालो तर तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्या ओलांडल्या की शिवोली येते. इतक्या जवळ एवढी मोठी गोष्ट घडली आणि आपल्याकडील शाळेच्या पुस्तकांत तिचा उल्लेखही नाही, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

ज्या १८८७ साली हडफड्याची शाळा उभी राहिली, त्याच वर्षी हजारो मैलांवर, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, एका व्रतस्थ बंधूने फुटबॉलचाच आधार घेऊन एक काम उभे केले. या दोघांची एकमेकांशी ओळख असल्याचे कोठेही नमूद नाही, आणि ओळख असण्याचे कारणही नव्हते. तरीही दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ब्रदर वॉलफ्रिड यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. १८४० साली आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील बॅलीमोट येथे त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढली सहा-सात वर्षे त्या देशात जो दुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. त्यांतील पुष्कळशी ग्लासगोला उतरली, कारण तेथे कापडाच्या गिरण्या, गोद्या आणि लोखंडाचे कारखाने होते व तेथवरचे बोटीचे भाडे कमी होते. हे लोक कॅथलिक, गरीब आणि परके. स्कॉटलंड हा कडव्या प्रोटेस्टंटांचा देश. शहराच्या पूर्व भागातील कॅल्टन, ब्रिजटन अशा वस्त्यांत ते दाटीवाटीने राहू लागले. केरिन्स हेही तरुणपणी त्याच वाटेने ग्लासगोला आले, १८६४ साली मारिस्ट बंधूंच्या संघात दाखल झाले आणि पुढे सेक्रेड हार्ट धर्मग्रामाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले.

शाळेच्या मुख्याध्यापकाला जे सर्वांत आधी कळते ते त्यांना कळले. मुले शाळेत येत नाहीत, आणि आली तर उपाशी येतात. संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेच्या मदतीने त्यांनी गरीब मुलांसाठी दुपारच्या जेवणाची व्यवस्था केली. एका पेनीत गरम जेवण मिळे. अगदीच फुकट न देता एक पेनी घ्यावी, यात आईबापांची लाज राखण्याचा विचार होता. त्यात आणखी एक हेतू होता आणि तो लपविण्याचे कारण नाही. प्रोटेस्टंट संस्थाही गरिबांना सूप वाटीत असत, आणि सुपाच्या वाडग्याबरोबर आपली मुले दुसऱ्या पंथात जातील अशी भीती कॅथलिक धर्मगुरूंना वाटे. भूक आणि श्रद्धा यांची अशी गाठ आपल्याकडेही लोकांनी पाहिली आहे. त्यावर येथे अधिक बोलत नाही.

जेवणाला पैसा लागतो, आणि गरीब धर्मग्रामातून तो किती जमणार? उत्तर शेजारच्या शहराने दाखविले. एडिंबरो येथे कॅनन एडवर्ड हॅनन यांच्या संत पॅट्रिक धर्मग्रामातील आयरिश तरुणांनी १८७५ साली हायबर्नियन नावाचा संघ काढला होता. १८८७ साली त्या संघाने स्कॉटिश करंडक जिंकला. ग्लासगोच्या आयरिश वस्तीला इतका आनंद झाला की संत मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात विजयी संघाचा सत्कार करण्यात आला. जो समाज रोज अपमान गिळीत होता त्याने प्रथमच आपली माणसे जिंकलेली पाहिली. सामन्याला तिकीट लावता येते आणि त्या पैशातून मुलांचे जेवण चालविता येते, ही गोष्ट ब्रदर वॉलफ्रिड यांनी हेरली.

१८८७ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेला, त्याच संत मेरी सभागृहात बैठक भरली आणि क्लबची स्थापना झाली. संत मेरी, सेक्रेड हार्ट आणि संत मायकेल या तीन धर्मग्रामांतील मुलांची पंगत चालविणे हा त्याचा उघड सांगितलेला उद्देश होता. नाव काय ठेवावे याची चर्चा झाली. कुणाला आयर्लंडची खूण असलेले नाव हवे होते. ब्रदरांनी सुचविले ‘सेल्टिक’. प्राचीन काळी आयरिश व स्कॉटिश हे दोन्ही लोक ज्या वंशातले मानले जातात, त्याचे हे नाव. आपण येथे परके नाही, दोघांचे पूर्वज एकच, असे त्या एका शब्दात सांगितलेले होते. ब्रदर स्वतः तो शब्द ‘केल्टिक’ असा उच्चारीत. लोकांनी पहिल्या दिवसापासून ‘सेल्टिक’ म्हटले आणि अर्थात लोकांचेच चालले.

मैदान मजुरांनी आपल्या हाताने तयार केले. कामावरून सुटल्यावर माणसे येत, जमीन सपाट करीत, बसण्यासाठी मातीचे बांध घालीत. आपल्याकडे चर्चच्या बांधकामाला धर्मग्रामातील स्त्रीपुरुष रांग लावून चिरे वाहत असत, त्याची येथे आठवण होते. १८८८ सालच्या मे महिन्याच्या २८ तारखेला पहिला सामना झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. प्रतिपक्षी कोण होता? तो होता रेंजर्स, ज्याच्याशी पुढे सेल्टिकचे वैर जगभर कुप्रसिद्ध झाले तोच. पहिल्या दिवशी मात्र सामना संपल्यावर दोन्ही संघ संत मेरी सभागृहात एकत्र जेवले आणि गाणेबजावणे झाले. पुढील शंभर वर्षांत या दोन क्लबांच्या नावाने ग्लासगोत जी भांडणे झाली, डोकी फुटली, माणसे मारली गेली, ती लक्षात घेतली म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाची गोष्ट कुणी रचली असावी असे वाटते. पण ती खरी आहे.

आरंभीची काही वर्षे पंगतीला खरोखरच पैसे मिळाले. परंतु क्लब मोठा होऊ लागला, तसे त्याचे चित्त पंगतीवरून हलले. १८९२ साली त्याने स्कॉटिश करंडक प्रथमच जिंकला. जुन्या मैदानाच्या मालकाने भाडे वर्षाला ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेले, तेव्हा नवीन मैदान बांधावे लागले. त्याच वर्षी ब्रदर वॉलफ्रिड यांची त्यांच्या वरिष्ठांनी लंडनला बदली केली. व्रतस्थ माणूस; आज्ञा झाली आणि गेला. लंडनच्या पूर्व भागात पुन्हा गरीब मुलांमध्येच त्यांनी काम केले, आणि १९१५ साली स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. ते गेल्यावर पाच वर्षांनी, १८९७ साली, क्लबचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. भागधारकांना लाभांश मिळू लागला आणि मुलांच्या जेवणाचा वाटा मागे पडला. काही जुन्या सभासदांनी याला विरोध केला होता, पण त्यांचे चालले नाही.

या बदलाकडे कसे पाहावे? कंपनी झाली नसती तर क्लब टिकला नसता, असे म्हणणारे आहेत, आणि हिशेबाने पाहता त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. तरीही मुलांच्या ताटासाठी म्हणून गोळा झालेल्या पैशावर लाभांश निघावा, हे आम्हांस पटत नाही. त्याहूनही जड असे एक प्रकरण आहे. ज्या क्लबची स्थापना मुलांच्या भल्यासाठी झाली, त्याच्याच नावाने विसाव्या शतकात चाललेल्या मुलांच्या संघात मुलांवर अत्याचार झाले, आणि १९९८ साली व त्यानंतर पुन्हा काही वर्षांनी दोषींना न्यायालयात शिक्षा झाल्या. क्लबचा गौरव गाताना हे पान गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००५ साली सेल्टिकच्या मैदानासमोर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा बसविण्यात आला. धर्मादाय कामही क्लबने १९९० नंतरच्या काळात पुन्हा नेटाने सुरू केले आहे.

आता दोन गोलरक्षकांची गोष्ट सांगतो, एक तेथला आणि एक आपल्याकडचा.

सेल्टिक हा कॅथलिकांचा क्लब, तरी त्याने प्रोटेस्टंट खेळाडूला दार बंद केले नाही. जॉन थॉमसन हा फाइफ परगण्यातील खाणकामगाराचा मुलगा, धर्माने प्रोटेस्टंट. अठराव्या वर्षी तो सेल्टिकच्या गोलात उभा राहिला. अंगाने किरकोळ, पण चेंडूवर झेप घेण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. १९३१ सालच्या सप्टेंबरच्या ५ तारखेला रेंजर्सच्या मैदानावर सामना चालू असताना रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडू घेऊन आत शिरला. थॉमसनने त्याच्या पायांवर उडी घेतली आणि इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला. त्याच रात्री रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तो २२ वर्षांचा होता. त्या हंगामात कारखाने बंद होते, हजारो लोक बेकार होते. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नसलेले कितीतरी लोक ग्लासगोहून सुमारे पन्नास मैल चालत त्याच्या गावी अंत्यविधीला गेले. तेथे जमलेल्या लोकांची संख्या ३०,००० सांगितली जाते. कॅथलिक क्लबचे कॅथलिक पाठीराखे एका प्रोटेस्टंट मुलाच्या शवपेटीमागून चालत होते.

आणि सॅम इंग्लिश? त्याचा काही दोष नव्हता. थॉमसनच्या घरच्यांनीही तसे मानले. त्या हंगामात त्याने रेंजर्ससाठी लीगमध्ये ४४ गोल केले, आणि क्लबच्या इतिहासात एका हंगामात तेवढे कुणी केले नव्हते. पण प्रेक्षकांनी त्याला सोडले नाही. जाईल तेथे त्याला हिणविले जाई. त्याने स्कॉटलंड सोडले, इंग्लंडमध्ये काही वर्षे खेळला आणि तरुण वयातच खेळातून निवृत्त झाला. अपघातात एकाचा जीव गेला आणि दुसऱ्याचे जगणे, असे म्हणावे लागते.

आपल्याकडचे गोलरक्षक म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. संतोष करंडकाच्या स्पर्धेत गोव्याने १९८३ साली बंगालसह संयुक्त विजेतेपद मिळविले आणि १९८४ साली मद्रासेत ते एकट्याने जिंकले, तेव्हा त्या संघातील बहुतेक नावे आपल्या कुठल्याही धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शोभतील अशी होती, आणि त्यांच्या पाठीशी गोलात उभे होते ब्रह्मानंद. पुढे त्यांनी भारताचेही कर्णधारपद भूषविले आणि १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गोव्यात कुणाला यात विशेष काही वाटले नाही. पुढली फळी कुठल्या देवळाची आणि गोलरक्षक कुठल्या, असा हिशेब आमच्या नदीच्या पलीकडे कुणी केल्याचे आम्ही ऐकले नाही. ग्लासगोत रेंजर्सने तर १९८९ पर्यंत कुणाही नामांकित कॅथलिक खेळाडूला उघडपणे घेतले नव्हते, आणि त्या वर्षी मो जॉन्स्टनला घेतले तेव्हा काही पाठीराख्यांनी क्लबचे रुमाल जाळले. आपला फुटबॉल त्यांच्यापेक्षा कितीतरी दुबळा आहे हे खरे, पण या एका बाबतीत त्यांनी आपल्याकडे शिकायला यावे.

गोव्याचा खेळ मुंबईत कसा वाढला, तेही येथे सांगितले पाहिजे. आयरिश लोक ग्लासगोला गेले तसे गोव्याचे आणि आमच्या सीमेवरचे ख्रिस्ती लोक मुंबईला गेले. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ होते. एका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, तीत प्रत्येकाची एक पेटी, भिंतीशी वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत माणूस तेथे राही. रविवारच्या मिस्सेनंतर मैदानावर सामना. मुंबईला १८९१ सालापासून रोव्हर्स करंडकाची स्पर्धा होत असे. प्रारंभी तीत गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. त्याआधी तीन वर्षे, १८८८ साली, सिमल्यास ड्युरंड स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणी होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युसिलियर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा पराभव केला. हायलँड लाइट इन्फन्ट्री ही ग्लासगोची पलटण. म्हणजे ज्या वर्षी सेल्टिकचा पहिला सामना झाला, त्याच वर्षी ग्लासगोचे शिपाई आपल्या देशात फुटबॉल खेळत होते.

मुंबईतील त्या पिढ्यांतून नेव्हिल डिसूझा निघाले. त्यांचे मूळ गाव आसगाव, म्हणजे शिवोलीच्या शेजारचे. फादर लायन्स यांनी जेथे पहिला चेंडू दिला त्याच टापूतले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, आणि त्या चारांपैकी तीन गोल नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारताला त्या स्पर्धेत चौथा क्रमांक मिळाला. त्यानंतर इतक्या वर्षांत आपण तेथवर पुन्हा पोहोचलो नाही. आज आपल्या किती मुलांना नेव्हिल यांचे नाव ठाऊक असेल?

नेव्हिल यांच्या पिढीने बूट घालून खेळायला सुरुवात केली होती. त्याआधी आपला खेळाडू अनवाणीच खेळे. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा अनवाणी होते. बूट घातलेला एकटा खेळाडू म्हणजे सुधीर चटर्जी, जे ख्रिस्ती होते आणि पुढे रेव्हरंड झाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सकडून ते १-२ असे थोडक्यात हरले.

सेल्टिकच्या कथेत आपल्या देशाचा जो माणूस आहे, तो असाच अनवाणी. मोहम्मद सलीम हे कलकत्त्याच्या मेटियाब्रूझ भागातील. मोहमेडन स्पोर्टिंग संघाने १९३४ पासून १९३८ पर्यंत लागोपाठ पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली, त्या संघात ते उजव्या बगलेवर खेळत. १९३६ साली त्यांचे एक नातलग, जे स्कॉटलंडमध्ये राहत असत, कलकत्त्यास आले आणि त्यांचा खेळ पाहून त्यांना ग्लासगोला घेऊन गेले. सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली यांची त्यांनी गाठ घेतली. भारतातून एक मोठा खेळाडू आला आहे, त्याची परीक्षा घ्या, मात्र तो बूट घालीत नाही, असे त्यांनी सांगितले. मेली हे पहिल्या दिवसापासून क्लबबरोबर असलेले जुने गृहस्थ. अनवाणी माणूस स्कॉटिश व्यावसायिकांच्या बुटांपुढे कसा उभा राहणार, याचे त्यांना हसू आले असावे. परीक्षा मात्र त्यांनी घेतली, आणि ती पाहून सलीमना संघात घेतले.

क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघातून सलीम दोन सामने खेळले. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिक ७-१ आणि हॅमिल्टनविरुद्ध ५-१ असे जिंकले. एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सलीम बाकावर बसले आहेत आणि त्यांच्यापुढे वाकून जिमी मॅकमेनेमी त्यांच्या पायाला पट्टी बांधीत आहेत. हे मॅकमेनेमी साधे गडी नव्हते. सेल्टिकच्या सुवर्णकाळातील ते नावाजलेले खेळाडू. १९३६ सालचा तो काळ आठवावा. आपल्या देशात गोऱ्या साहेबापुढे आपला माणूस खुर्चीवर बसू शकत नव्हता, आणि तिकडे एक गोरा माणूस एका हिंदुस्थानी मुसलमानाचे पाय हातात घेऊन बसला होता. आम्हां ख्रिस्ती वाचकांना पुण्य गुरुवारी वेदीपुढे दरवर्षी जे दिसते त्याची आठवण झाल्याशिवाय राहात नाही, जरी मॅकमेनेमींच्या मनात तसे काही नसेल. वृत्तपत्रांनी सलीमना जादूगार म्हटले, चेंडू त्यांच्या पायाच्या बोटांना चिकटून राहतो असे वर्णिले.

पण सलीमना घराची ओढ लागली. क्लबने थांबवून पाहिले. त्यांच्यासाठी एक सामना ठेवून उत्पन्नाचा काही भाग त्यांना द्यावा असे ठरले, तेव्हा त्यांनी तो पैसा अनाथ मुलांना द्यायला सांगितले, असे सांगतात. ब्रदर वॉलफ्रिड यांना जाऊन तोवर २१ वर्षे झाली होती. त्यांची पंगत कंपनीने केव्हाच मागे टाकली होती, आणि कलकत्त्याहून आलेल्या मुसलमानाने क्लबच्या पैशाची वाट पुन्हा मुलांकडे वळविली! त्याला हा सगळा इतिहास कुणी सांगितला असेल असे वाटत नाही.

सेल्टिकचा सर्वांत मोठा दिवस १९६७ सालचा. त्या वर्षी जानेवारीत आमच्या पलीकडच्या तीरावर जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात न येता वेगळा राहिला. आरोंद्याच्या दृष्टीने ते वर्ष त्याचसाठी लक्षात राहण्यासारखे. मे महिन्याच्या २५ तारखेला, त्या वर्षीच्या ख्रिस्तशरीराच्या सणादिवशी, लिस्बन शहरात युरोपीय करंडकाचा अंतिम सामना झाला. इटलीचा इंटर मिलान हा त्या काळचा बलाढ्य संघ. सेल्टिकचे अकराही जण ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे आरोंदा ते मालवण एवढ्या टापूतील मुले घेऊन युरोप जिंकायला निघावे तसे. व्यवस्थापक जॉक स्टीन हे मूळचे खाणकामगार आणि प्रोटेस्टंट. गोलरक्षक रॉनी सिम्प्सन ३६ वर्षांचे. संघातील काहींना कृत्रिम दात होते. ते काढून सिम्प्सनच्या टोपीत ठेवले होते आणि टोपी गोलच्या जाळीत ठेवलेली होती, कारण जिंकल्यावर छायाचित्रात हसायला दात लागणार! पहिल्या काही मिनिटांतच मिलानने गोल केला. उत्तरार्धात गेमेल आणि चामर्स यांनी एकेक गोल केला आणि सेल्टिक २-१ असे जिंकले. ब्रिटनमधील कोणत्याही संघाने हा करंडक तोपर्यंत जिंकला नव्हता. ‘लिस्बनचे सिंह’ म्हणून त्या अकरांना आजही ओळखले जाते. लिस्बन म्हटले की आमच्या सीमेवरच्या जुन्या माणसांना चौकी, परवाने आणि तेरेखोलचा किल्ला आठवतो. १९५४ साली १५ ऑगस्टला आल्फ्रेड अफोन्सो व त्यांच्या सोबत्यांनी त्याच किल्ल्यावर शिरून तिरंगा फडकविला होता आणि त्यासाठी कैद भोगली होती. ग्लासगोच्या माणसाला तोच शब्द ऐकून हसू फुटते.

नेव्हिल डिसूझा आणि मोहम्मद सलीम हे दोघेही १९८० साली निवर्तले. सलीम शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या मुलाने सेल्टिक क्लबला पत्र लिहिले: वडील आजारी आहेत, औषधोपचाराला पैसे हवेत. पैसे मिळावेत असा त्याचा हेतू नव्हता, असे त्याने पुढे सांगितले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दोन सामने खेळून गेलेला अनवाणी माणूस तिकडे कुणाला आठवतो की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते. काही दिवसांनी ग्लासगोहून पाकीट आले. आत पत्र होते आणि १०० पौंडांचा धनादेश. मुलाने तो वटविला नाही. तसाच जपून ठेवला.